हृदयाची लय सुधारणारी औषधे ती बिघडवूही शकतात. समजून घ्या चार गटांमागचे शास्त्र

नवी दिल्ली : हृदयाचे अनियमित ठोके पुन्हा लयीत आणण्यासाठी दिली जाणारी औषधे काही रुग्णांमध्ये आधीपेक्षा अधिक घातक अनियमितता निर्माण करू शकतात. हा धोका वैद्यकशास्त्राला पूर्वीपासून ठाऊक होता. मात्र तो किती मोठा असू शकतो, हे १९८९ मध्ये अमेरिकेतील एका चाचणीने दाखवून दिले. ईसीजीवरील आलेख सुधारला म्हणजे रुग्णाचा धोका टळला, ही समजूत त्या चाचणीने मोडीत काढली.

ही औषधे हृदयाच्या विद्युत यंत्रणेतील नेमक्या कोणत्या टप्प्यावर काम करतात, यावरून त्यांचे चार प्रमुख गट पाडले जातात. औषध कोणत्या रुग्णाला द्यावे, कोणाला कटाक्षाने टाळावे आणि उपचार सुरू असताना कशावर लक्ष ठेवावे, याचा उलगडा या वर्गीकरणातून बऱ्याच अंशी होतो.

ठोक्यामागची वीज

हृदयाच्या उजव्या अलिंदाच्या वरच्या भागात सायनस नोड नावाचा पेशींचा लहानसा पुंजका असतो. शरीर विश्रांत असताना तो मिनिटाला साधारण ६० ते १०० विद्युत आवेग निर्माण करतो. हा आवेग दोन्ही अलिंदांत, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांत पसरतो. त्यानंतर तो एव्ही नोडपाशी सेकंदाच्या सुमारे दहाव्या भागाइतका थबकतो आणि विशेष तंतूंच्या जाळ्यातून खालच्या दोन कप्प्यांत, म्हणजे निलयांत वेगाने पोहोचतो. मधल्या क्षणभराच्या विलंबामुळे अलिंदांतील रक्ताला निलयांत उतरण्यास अवधी मिळतो. हा क्रम दिवसाकाठी सुमारे एक लाख वेळा घडतो.

प्रत्येक आवेगामागे पेशींच्या आवरणातून होणारी विद्युतभारित कणांची, म्हणजे आयनांची ये-जा असते. सोडियम, कॅल्शियम आणि पोटॅशियम यांच्यासाठी आवरणात स्वतंत्र वाहिन्या असतात व त्या ठरावीक क्रमाने उघडतात आणि मिटतात. विश्रांतीच्या अवस्थेत निलयाच्या पेशीची आतली बाजू बाहेरच्या तुलनेत सुमारे ९० मिलिव्होल्ट ऋण असते. आवेग येताच सोडियम वेगाने आत शिरते आणि पेशी क्षणार्धात धनभारित होते. पाठोपाठ कॅल्शियम आत येऊ लागते. त्याच्या प्रेरणेने स्नायू आकुंचन पावतो. अखेरीस पोटॅशियम बाहेर पडते आणि पेशी पूर्वस्थितीत येते. हे सारे चक्र सेकंदाच्या पाव ते एक तृतीयांश भागात पूर्ण होते. त्यातील बहुतांश काळ पेशी नव्या आवेगाला प्रतिसाद देत नाही. सक्तीची ही विश्रांती हृदयाचे मोठे संरक्षण असते.

सायनस नोड आणि एव्ही नोड यांच्या पेशी मात्र वेगळ्या आहेत. त्यांच्यातील आवेगाची सुरुवात मुख्यत्वे सोडियमऐवजी कॅल्शियमच्या प्रवाहाने होते. कोणते औषध हृदयाच्या कोणत्या भागावर परिणाम करेल, हे बऱ्याच प्रमाणात या फरकावर ठरते.

लय बिघडते कशी?

लय बिघडण्याची तीन मुख्य कारणे सांगितली जातात. एखादा पेशीसमूह स्वतःहून आवेग निर्माण करू लागतो; एका ठोक्याच्या शेवटी लगेच अवेळी दुसरा आवेग उमटतो; किंवा आवेग ठरल्या वाटेने पुढे न जाता एकाच भागात गोल फिरत राहतो. तिसरा प्रकार विशेष महत्त्वाचा आहे. हृदयविकाराच्या झटक्यानंतर स्नायूवर व्रण राहतो. त्याच्या एका बाजूने आवेग सहज जातो, तर दुसऱ्या बाजूने मंदगतीने. मंद वाटेने आवेग पार होईपर्यंत पहिल्या वाटेवरील पेशी पुन्हा सज्ज झालेल्या असतात. आवेग त्या वाटेने मागे फिरतो आणि चक्र सुरू होते.

हे चक्र तोडण्याचे दोन मार्ग आहेत. आवेगाची गती इतकी कमी करावी की तो वाटेतच विझेल, किंवा पेशींची विश्रांती इतकी वाढवावी की फिरून आलेल्या आवेगाला पुढे सज्ज पेशीच सापडू नयेत. मात्र गती कमी झाली, पण आवेग विझला नाही, तर पूर्वी नसलेले चक्रही निर्माण होऊ शकते. विश्रांती गरजेपेक्षा लांबली तर अवेळी आवेग उमटण्याची शक्यता वाढते. औषध आणि अपाय यांची मुळे अशी एकाच ठिकाणी आहेत.

ऑक्सफर्डमधील मांडणी

ऑक्सफर्ड विद्यापीठातील औषधशास्त्रज्ञ माइल्स व्हॉन विल्यम्स यांनी १९७० मध्ये या औषधांच्या वर्गीकरणाची मांडणी केली. फिजीमध्ये जन्मलेले संशोधक ब्रमा सिंग यांचे काम त्यात मोलाचे ठरले. छातीदुखीसाठी तयार झालेले अमिओडारोन हृदयपेशींची विश्रांती वाढवते, हे सिंग आणि व्हॉन विल्यम्स यांनी दाखवले. पुढे वेरापामिलच्या अभ्यासातून चौथा गट पुढे आला. पहिला गट सोडियमच्या वाहिन्या रोखणाऱ्या औषधांचा, दुसरा बीटा ब्लॉकरचा, तिसरा प्रामुख्याने पोटॅशियमच्या वाहिन्या रोखणाऱ्यांचा आणि चौथा कॅल्शियमच्या वाहिन्या रोखणाऱ्यांचा, अशी ही रचना आहे.

पहिला गट : सोडियमला अटकाव

सोडियमचा प्रवेश मंदावला की अलिंद व निलयांतील आवेगाची गती कमी होते. या गटाचे अ, ब आणि क असे तीन उपगट आहेत. वाहिनीला चिकटलेले औषध किती लवकर सुटते, हा त्यांच्यातील एक महत्त्वाचा फरक आहे.

‘अ’ उपगटातील क्विनिडीन हे सिंकोनाच्या सालीतून मिळणारे, क्विनाइनचे भावंड. मलेरियावरील औषधासाठी ब्रिटिश काळात निलगिरीत आणि दार्जिलिंगजवळच्या मोंगपू येथे ज्या झाडाची लागवड झाली, तेच हे झाड. क्विनाइन घेतल्यावर आपली अनियमित धडधड थांबते, असे एका रुग्णाने डच वैद्य कारेल वेंकेबाख यांना सांगितले होते. त्यानंतर १९१८ मध्ये जर्मनीतील वॉल्टर फ्राय यांनी क्विनिडीन अधिक प्रभावी असल्याचे दाखवले. प्रोकेनामाइड व डायसोपिरामाइड ही याच उपगटातील औषधे आवेगाची गती कमी करतात आणि विश्रांतीही लांबवतात.

‘ब’ उपगटात लिग्नोकेन आणि मेक्सिलेटिन येतात. दात काढण्यापूर्वी हिरडी बधिर करण्यासाठी टोचले जाते, तेच हे लिग्नोकेन. ते वाहिनीपासून पटकन सुटते. त्यामुळे निरोगी पेशींवर त्याचा परिणाम कमी राहतो. रक्तपुरवठा तुटलेल्या किंवा अतिवेगाने धडधडणाऱ्या निलयाच्या पेशींवर मात्र तो ठळक असतो. अलिंदांतील विकारांत त्याचा फारसा उपयोग होत नाही.

‘क’ उपगटातील फ्लेकेनाइड आणि प्रोपाफेनोन वाहिनीला सर्वाधिक काळ धरून ठेवतात. ठोके जितके जलद, तितका त्यांचा परिणाम अधिक. हृदयाची रचना निर्दोष असलेल्या व्यक्तींमध्ये अलिंदांची लय सावरण्यासाठी ती उपयुक्त ठरतात. तेथेही एक दक्षता घ्यावी लागते. एट्रियल फ्लटर या विकारात अलिंदे मिनिटाला सुमारे ३०० वेळा स्पंदन पावतात आणि एव्ही नोड त्यांपैकी साधारण निम्मेच आवेग खाली जाऊ देतो. फ्लेकेनाइडने हा वेग २०० वर आला, तर प्रत्येक आवेग एव्ही नोडमधून पार होऊ शकतो. अलिंदांचा वेग कमी होऊनही निलयांचा वेग त्यामुळे वाढतो. म्हणून एव्ही नोडला आवर घालणारे औषध सहसा सोबत दिले जाते.

दुसरा, तिसरा आणि चौथा गट

दुसऱ्या गटातील बीटा ब्लॉकर ॲड्रेनालिनसारख्या संप्रेरकांचा हृदयावरील प्रभाव कमी करतात. जेम्स ब्लॅक यांच्या संशोधनातून आलेले प्रोप्रानोलोल हे यातील आद्य औषधांपैकी एक. ब्लॅक यांना १९८८ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. आज मेटोप्रोलोल आणि बिसोप्रोलोल मोठ्या प्रमाणावर वापरली जातात. सायनस नोडचा वेग आणि एव्ही नोडमधील वहन ती कमी करतात. दम्याच्या रुग्णांत ती जपून वापरावी लागतात आणि अचानक बंद केल्यास त्रास उलटण्याची भीती असते.

तिसऱ्या गटातील सोटालोल, डोफेटिलाइड आणि अमिओडारोन पोटॅशियमचा बाहेर पडण्याचा वेग कमी करून पेशींची विश्रांती लांबवतात. सोटालोलमध्ये बीटा ब्लॉकरचाही गुण आहे. चौथ्या गटातील वेरापामिल आणि डिल्टियाझेम मुख्यत्वे एव्ही नोडवर काम करतात. हृदयाची आकुंचनक्षमता घटलेल्या रुग्णांत ती टाळली जातात, कारण ती स्नायूचे बळ आणखी कमी करतात. अलिंद व निलय यांना जोडणारी जन्मजात जादा वाट असलेल्या रुग्णाला एट्रियल फिब्रिलेशन झाल्यास ही औषधे धोक्याची ठरतात, कारण एव्ही नोडला डावलून त्या वाटेने आवेग थेट निलयांत धडकू शकतात.

या परिणामांच्या खुणा ईसीजीवर उमटतात. पहिल्या गटातील, विशेषतः ‘क’ उपगटातील औषधांनी क्यूआरएस हा टोकदार भाग रुंदावतो. दुसऱ्या व चौथ्या गटामुळे पीआर अंतर वाढते, तर तिसऱ्या गटामुळे क्यूटी अंतर लांबते. औषध सुरू केल्यावर डॉक्टर पुन्हा ईसीजी काढायला सांगतात, ते याच खुणा तपासण्यासाठी.

ठोके सुधारले, रुग्ण मात्र दगावले

हृदयविकाराच्या झटक्यानंतर निलयांतून वरचेवर अवेळी ठोके पडणाऱ्या रुग्णांना अकस्मात मृत्यूचा धोका अधिक असतो, हे १९८० च्या दशकात सर्वमान्य होते. हे ठोके औषधाने बंद केले की धोका टळेल, हा तर्क सरळ वाटत होता आणि त्यानुसार औषधे दिलीही जात होती. तो पडताळून पाहण्यासाठी अमेरिकेत ‘कास्ट’ या संक्षिप्त नावाने ओळखली जाणारी चाचणी हाती घेण्यात आली. औषधाने ज्यांचे अवेळी ठोके खरोखर कमी होतात, असे आधी तपासून निश्चित केलेल्या रुग्णांनाच तिच्या मुख्य टप्प्यात घेण्यात आले होते.

निकाल उलटा लागला. फ्लेकेनाइड किंवा एन्केनाइड घेणाऱ्या ७५५ रुग्णांपैकी ६३ जण दगावले. औषधासारखी दिसणारी निष्क्रिय गोळी घेणाऱ्या ७४३ रुग्णांपैकी २६ जणांचा मृत्यू झाला. या दोन औषधांचा भाग १९८९ मध्ये मुदतीपूर्वीच थांबवण्यात आला. एन्केनाइड पुढे बाजारातून गेले. फ्लेकेनाइड राहिले, पण झटका येऊन गेलेल्या रुग्णांसाठी ते निषिद्ध मानले जाऊ लागले. रक्तपुरवठा अपुरा असलेल्या, व्रण पडलेल्या स्नायूत आवेगाची गती मंदावल्याने नवी घातक चक्रे सुरू झाली असावीत, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते.

याच्या काही वर्षे आधी, १९८२ मध्ये, झटक्यानंतरच्या ३,८३७ रुग्णांवरील प्रोप्रानोलोलच्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले होते. त्यात औषध घेणाऱ्यांमध्ये मृत्यूचे प्रमाण ७.२ टक्के, तर निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांमध्ये ९.८ टक्के आढळले. अवेळी ठोके पुसून टाकण्यात बीटा ब्लॉकर ‘क’ उपगटाइतके प्रभावी नाहीत. तरीही त्यांनी जीव वाचवले. तिसऱ्या गटालाही असाच धडा मिळाला. बीटा ब्लॉकरचा गुण नसलेल्या डी-सोटालोल या रूपाची चाचणी १९९६ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात मृत्यूचे प्रमाण औषध घेणाऱ्यांमध्ये ५ टक्के, तर न घेणाऱ्यांमध्ये ३.१ टक्के होते.

लांबलेल्या क्यूटीचा धोका

विश्रांती लांबवणाऱ्या औषधांचा सर्वांत गंभीर दुष्परिणाम म्हणजे ‘टोर्साद द प्वांत’ हा निलयांचा अतिवेगवान विकार. फ्रेंच हृदयरोगतज्ज्ञ फ्रांस्वा देसर्तेन यांनी १९६६ मध्ये त्याचे वर्णन केले. ईसीजीवरील टोके एका अक्षाभोवती पीळ घेत असल्यासारखी दिसतात, म्हणून हे नाव. रुग्णाला अचानक भोवळ येते, शुद्ध हरपते. विकार न थांबल्यास मृत्यू ओढवतो. शिरेतून मॅग्नेशियम देणे हा त्यावरील प्रमुख तातडीचा उपाय आहे.

रक्तातील पोटॅशियम वा मॅग्नेशियम कमी असणे, मूत्रपिंडाचा विकार, ठोक्यांचा वेग फार मंद असणे आणि क्यूटी अंतर जन्मतःच लांब असणे, यांमुळे हा धोका वाढतो. पुरुषांच्या तुलनेत स्त्रियांमध्ये तो अधिक आढळतो. हृदयासाठी नसलेली औषधेही यात भर घालतात. काही प्रतिजैविके, बुरशीनाशके, मानसिक आजारांवरील आणि मलेरियावरील औषधे क्यूटी लांबवतात. करोना साथीच्या काळात, २०२० मध्ये, हायड्रॉक्सिक्लोरोक्विन व अझिथ्रोमायसिन एकत्र देण्याबाबत हृदयरोगतज्ज्ञांनी चिंता व्यक्त केली होती, ती याच कारणाने.

गटांच्या चौकटीबाहेर

काही औषधे या चौकटीत बसत नाहीत. विल्यम विदरिंग यांनी १७८५ मध्ये ज्या फॉक्सग्लोव्ह वनस्पतीवर ग्रंथ लिहिला, तिच्या कुळातून आलेले डिगॉक्सिन व्हेगस मज्जातंतूचा प्रभाव वाढवून एव्ही नोडला आवरते. गुणकारी व विषारी मात्रेतील अंतर त्यात अगदी थोडे असते. महाराष्ट्रात परिचित असलेल्या कण्हेरीत आणि बिट्टीत, म्हणजे पिवळ्या कण्हेरीत, डिगॉक्सिनसारखीच द्रव्ये असतात. त्यांच्या विषबाधेत हृदयाची लय बिघडते, ती त्यामुळेच. अ‍ॅडेनोसिन शिरेतून दिल्यावर एव्ही नोडमधील वहन काही क्षण थांबवते आणि तेथे फिरणारे चक्र तोडते. रक्तात त्याचा निम्मा अंश दहा सेकंदांच्या आतच नाहीसा होतो.

तिसऱ्या गटात मोडणाऱ्या अमिओडारोनमध्ये प्रत्यक्षात चारही गटांचे गुण आहेत. ते क्यूटी लांबवते, तरीही त्याने टोर्साद क्वचितच होतो. दुर्बळ हृदयाच्या रुग्णांतही ते वापरता येते. त्याची किंमत मात्र इतर अवयवांना मोजावी लागू शकते. २०० मिलिग्रॅमच्या गोळीत सुमारे ७५ मिलिग्रॅम आयोडीन असते, तर प्रौढ व्यक्तीची रोजची गरज १५० मायक्रोग्रॅम आहे. त्यातील थोडाच भाग मोकळा होत असला, तरी तो थायरॉइडचे काम बिघडवण्यास पुरेसा ठरू शकतो. फुप्फुसे, यकृत, डोळे आणि त्वचा यांवरही परिणाम होतो. औषध बंद केल्यावरही ते कित्येक आठवडे, काही वेळा महिनोन्‌महिने शरीरात राहते.

एकाच औषधाचे अनेक गुण असल्याने चार गटांची रचना अपुरी असल्याची टीका पूर्वीपासून होत आली. ‘सिसिलियन गॅम्बिट’ या नावाने १९९१ मध्ये पर्यायी मांडणी झाली. परंतु ती रोजच्या वापरासाठी किचकट ठरली. ऑक्सफर्ड आणि केंब्रिजमधील संशोधकांचा सहभाग असलेल्या गटाने २०१८ मध्ये जुन्या वर्गीकरणाचा विस्तार केला. त्यात शून्य ते सात असे आठ गट आहेत. सायनस नोडचा वेग कमी करणाऱ्या इव्हाब्रॅडिनला त्यात शून्य गटात स्थान मिळाले. रुग्णालयांत आणि महाविद्यालयांत मात्र आजही मुख्यत्वे चार गटांचीच भाषा चालते.

लय आणावी की वेग आवरावा?

एट्रियल फिब्रिलेशनमध्ये हा प्रश्न नेहमी येतो. लय पूर्ववत आणण्यासाठी पहिल्या व तिसऱ्या गटाकडे वळावे लागते. लय तशीच ठेवून निलयांचा वेग आटोक्यात ठेवण्यास दुसरा व चौथा गट आणि डिगॉक्सिन पुरते. ‘अफर्म’ या ४,०६० रुग्णांच्या चाचणीत लय आणण्याच्या उपचाराने मृत्यू कमी झाल्याचे दिसले नाही, असे २००२ मध्ये जाहीर झाले. याउलट, २०२० मधील एका युरोपीय चाचणीत निदानानंतर वर्षभराच्या आत लय सांभाळण्याचे उपचार सुरू केलेल्या रुग्णांत पक्षाघात, हृदयविकार आदी घटना कमी आढळल्या. त्यामुळे उपचार किती लवकर सुरू होतात, याला आता अधिक महत्त्व दिले जाते. कॅथेटरद्वारे विकाराचा उगम जाळून टाकणारी अ‍ॅब्लेशन प्रक्रिया हाही पर्याय उपलब्ध आहे.

यापैकी कोणताही मार्ग निवडला, तरी अलिंदात रक्ताची गुठळी होऊन पक्षाघात होण्याचा धोका स्वतंत्रपणे तपासावा लागतो. भारतात रुमॅटिक तापामुळे झडप अरुंद झालेल्या रुग्णांत हा धोका विशेष मोठा असतो. ठोके लयीत आले म्हणून रक्त पातळ ठेवणारे औषध परस्पर बंद करणे घातक ठरू शकते.

रुग्णांनी काय लक्षात ठेवावे?

धडधड सौम्य आहे म्हणून मात्रा स्वतःहून कमी करणे किंवा जुन्या चिठ्ठीवर तेच औषध पुन्हा आणणे टाळावे. चक्कर, शुद्ध हरपणे, नवी धाप किंवा ठोके फार मंद होणे यांपैकी काहीही जाणवल्यास तातडीने रुग्णालय गाठावे. उलट्या-जुलाबांत पोटॅशियम घटते, त्यामुळे अशा वेळी डॉक्टरांना कळवणे आवश्यक असते. अमिओडारोन घेणाऱ्यांची थायरॉइड व यकृताची तपासणी साधारणतः दर सहा महिन्यांनी केली जाते; या रुग्णांनी नवा कोरडा खोकला अंगावर काढू नये. अमिओडारोनमुळे वॉरफॅरिन व डिगॉक्सिनचा परिणाम वाढतो, म्हणून त्यांच्या मात्रेत बदल करावा लागतो.

दुसऱ्या आजारासाठी अन्य डॉक्टरांकडे, दंतवैद्यांकडे किंवा औषधांच्या दुकानात जाताना हृदयाच्या औषधांची यादी सोबत ठेवावी. कुटुंबात कोणाचा तरुण वयात अकस्मात मृत्यू झाला असल्यास तेही आवर्जून सांगावे. औषधाचा गट ठरवताना ही माहिती ईसीजीइतकीच उपयोगी पडते.